टू-स्ट्रोक मोटारसायकल आणि मिश्रणाचें दुखणें

पुष्कळ वर्षें घराच्या कोपऱ्यांत उभी राहिलेली एखादी जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल पुन्हां रस्त्यावर आणली जाते, तेव्हां तिचा पहिला दिवस बहुधा आनंदांत जातो. टांकी धुतली जाते, नवा प्लग बसविला जातो, दहावीस किका खाल्ल्यावर एंजिन निळसर धूर ओकीत जागें होतें आणि घरांतील मुलें टाळ्या पिटतात. तक्रारीला आरंभ होतो तो दुसऱ्या दिवशीं. सपाट रस्त्यावर गाडी मध्येंच अडखळते, चढ लागला कीं दम टाकते, आणि उतारावर मूठ पुरती सोडून दिली तरी एंजिनाचा सूर खालीं येत नाहीं. एका मैलांत ती धुराचे लोट सोडते, तर पुढच्या मैलांत तापलेल्या तव्यासारखी कोरडी पडते. मालक म्हणतो, हवा व पेट्रोल यांचें मिश्रण बिघडलें. हें त्याचें निदान बहुधा बरोबर असतें. परंतु लगेच त्याचा हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि तेथें मात्र तो फसतो. तो कां फसतो याचें उत्तर त्या स्क्रूमध्यें नाहीं. सव्वाशें वर्षांहून जुन्या एका कल्पनेंत तें आहे.

१८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें जें एंजिन सिद्ध केलें, त्यांत दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, चार धावा मिळून एक फेर पुरा होत असे. पहिल्या धावेंत मिश्रण आंत ओढावयाचें, दुसरींत दाबावयाचें, तिसरींत पेटवावयाचें आणि चवथींत जळलेला वायु बाहेर ढकलावयाचा. चार धावांपैकीं कमाईची धाव एकच. उरलेल्या तीन केवळ तयारीच्या आणि आवराआवरीच्या. ही उधळपट्टी अनेकांच्या डोळ्यांत सलत होती. शिवाय ऑटोच्या पेटंटची भिंत आड उभी होती ती वेगळीच. ती ओलांडतां येईना, म्हणून कित्येकांनीं वळसा घेऊन जाण्याची वाट शोधली. कार्ल बेंझ यानें १८७९ सालच्या अगदीं शेवटच्या रात्रीं मानहाइम येथें आपलें दोन धावांचें एंजिन प्रथम चालविलें, आणि स्कॉटलंडचा ड्युगाल्ड क्लार्क यानें १८८१ सालीं अशाच एका एंजिनाचें पेटंट घेतलें. क्लार्कच्या यंत्रांत मुख्य सिलिंडरला ताजें मिश्रण पुरविण्यासाठीं शेजारीं पंपाचा म्हणून आणखी एक सिलिंडर जोडावा लागे. एक कमावणारा आणि दुसरा त्याला जेवूं घालणारा, असा तो संसार होता. तो कारखान्याच्या जमिनीवर चालला, पण दोन चाकांवर चालण्यासारखा नव्हता.

इंग्लंडांतील बाथ या गांवीं कारखाना चालविणारा जोसेफ डे यानें १८९१ सालीं हा जेवूं घालणारा सिलिंडर काढून टाकला. त्याचा विचार अगदीं साधा होता. दट्ट्या वर जातो तेव्हां त्याच्या खालची जागा वाढते, आणि खालीं येतो तेव्हां ती आकसते. मग तीच जागा पंप म्हणून कां वापरूं नये? ज्या पेटींत क्रँकचा दांडा फिरतो, ती तळची पेटी त्यानें सर्व बाजूंनीं बंद केली. दट्ट्या वर चढूं लागला कीं पेटींत पोकळी होऊन मिश्रण आंत ओढलें जातें. उतरूं लागला कीं तेंच मिश्रण तेथें दाबलें जातें. तळाशीं पोंचतांना दट्ट्या सिलिंडरच्या भिंतींतील दोन झरोके उघडे करतो. एकांतून जळलेला वायु बाहेर पडतो, दुसऱ्यांतून पेटींतलें दाबलेलें मिश्रण वर उसळून येतें व उरलासुरला धूर ढकलून देतें. डे याच्याच कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक यानें पुढें अशी रचना केली कीं, पेटींत मिश्रण घेण्याचा झरोकाहि दट्ट्याच्या कडेनेंच उघडावा व झांकावा. त्याबरोबर शेवटची झडपहि गेली. हलणारे भाग उरले तीन: दट्ट्या, त्याचा दांडा आणि क्रँक.

यंत्रशास्त्राच्या इतिहासांत इतकी मोठी काटकसर फारशी आढळत नाहीं. परंतु काढून टाकलेल्या भागांचें काम कोणी तरी करावयाचें असतेंच. झडपांचें काम दट्ट्याकडे आलें. पंपाचें काम तळच्या पेटीकडे आलें. चार धावांच्या एंजिनाच्या तळाला एखादी चीर पडली तर तेल गळेल, अंगण खराब होईल, फार तर मालकिणीची बोलणीं खावीं लागतील. मिश्रणाला त्याची कांहीं दाद नसते. डे याच्या एंजिनांत तीच चीर म्हणजे छातीला पडलेलें भोंक होय. पोकळी झाली कीं त्या चिरेंतून बाहेरची हवा आंत शिरते आणि कार्ब्युरेटरनें कितीहि काळजीपूर्वक जुळविलेलें मिश्रण तेथें विरळ होऊन जातें. कार्ब्युरेटर हा मिश्रण तयार करणारा खरा, पण टू-स्ट्रोक एंजिनांत त्याचें राज्य त्याच्या नळीपाशीं संपत नाहीं. तें थेट क्रँकच्या दोन्ही टोंकांपर्यंत पसरलेलें असतें. डे याला स्वतःला या शोधानें श्रीमंत केलें नाहीं. नॉर्फोक परगण्यांत भूमिगत तेल शोधण्याच्या नादांत त्याचा पैसा बुडाला, आणि १९४६ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या कल्पनेवर चालणाऱ्या गाड्या पृथ्वीभर धांवत असूनहि त्याचें नांव फार थोड्यांना ठाऊक होतें.

ही कल्पना मोटारसायकलवर खऱ्या अर्थानें बसविली ती यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यानें. ब्रॅडफर्ड येथें १८७५ सालीं जन्मलेला हा मनुष्य दुसऱ्याचें पाहून कांहींच करीत नसे. १९०४ सालीं त्यानें आपल्या एंजिनाचें पेटंट घेतलें व १९०८ सालीं त्याच्या पहिल्या मोटारसायकली तयार झाल्या. दोन सिलिंडर, त्यांचीं डोकीं पाण्यानें थंड राखलेलीं, आणि पायानें किक मारून एंजिन सुरू करण्याची सोय. त्या काळच्या पट्ट्यावर चालणाऱ्या, ढकलीत नेऊन सुरू कराव्या लागणाऱ्या गाड्यांच्या घोळक्यांत ती गाडी परग्रहावरून उतरल्यासारखी दिसली असेल. १९०८ सालच्या चढावरील शर्यतींत तिनें अशी बाजी मारली कीं प्रतिस्पर्धी कुरकुरूं लागले. टू-स्ट्रोक एंजिन प्रत्येक फेऱ्याला काम करतें, तेव्हां त्याचें आकारमान १.३२ नें गुणून मगच तें शर्यतींत धरावें, असा नियमहि कांहीं काळ झाला. स्कॉटनें त्या नियमाची जाहिरातच करून टाकली. पुढें तो नियम गेला, आणि आइल ऑफ मॅन बेटावरील सीनिअर टी. टी. शर्यत १९१२ सालीं फ्रँक अ‍ॅपलबी यानें व १९१३ सालीं टिम वूड यानें स्कॉट गाडीवर जिंकली.

मिश्रणाच्या विषमपणाचा अभ्यास करावयाचा तर स्कॉटच्या गाडीइतकी चांगली शाळा दुसरी नाहीं. तिच्या एंजिनाच्या मधोमध जड फिरतें चाक असतें आणि त्याच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पेट्या. प्रत्येक सिलिंडरचा दट्ट्या आपापल्या पेटीला श्वास घ्यावयाला लावतो. दोघांनाहि मिश्रण देणारा कार्ब्युरेटर मात्र एकच. मग असें होतें कीं उजवा सिलिंडर सुरळीत चालतो आणि डावा खोकत राहतो. नवशिका मालक कार्ब्युरेटरचें जेट बदलतो. डावा थोडा सुधारतो, पण उजवा काळा धूर सोडूं लागतो. पुन्हां जेट बदलतो. उजवा सुधारतो, डावा खोकतो. असे कित्येक रविवार गेलेले आहेत. एकाच विहिरीचें पाणी दोन घरीं जात असेल आणि एकाच घरीं तें गढूळ येत असेल, तर विहीर उपसून कांहीं उपयोग नसतो. दोष वाटेंत शोधावा लागतो.

तो शोधण्याची जुन्या कारागिरांची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम दोन्ही प्लग काढून त्यांची अदलाबदल करावयाची. खोकला प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष प्लगचा. दुखणें चार आण्यांत आटोपलें. तो जागचा हलला नाहीं, तर ठिणगी नेणाऱ्या तारा तपासावयाच्या, कारण ठिणगी कमजोर पडली तर तिचीं लक्षणें मिश्रणाच्या बिघाडासारखींच दिसतात. त्यानंतर लांकडी मुठीच्या पेंचकसानें एका वेळीं एका प्लगची ठिणगी तोडून दुसऱ्या सिलिंडरला एकट्यानें चालूं द्यावयाचें व कान देऊन ऐकावयाचें. आजारी बाजू निश्चित झाली कीं एंजिन मंद चालत असतां त्या बाजूच्या पेटीच्या दाराच्या कडेनें आणि प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब थेंब सोडावयाचा. ज्या क्षणीं थेंब गळत्या फटींत ओढला जातो, त्या क्षणीं एंजिनाचा सूर बदलतो. ही परीक्षा कोणी पेट्रोल शिंपडूनहि करीत. तापलेल्या एंजिनावर ती परीक्षा नसून आग लावण्याची तयारी होय. बाहेरच्या सांध्यांत कांहीं सांपडलें नाहीं, तर राहतें तें मधल्या चाकाकडे जाणाऱ्या आंसावरचें सील. तें झिजलें असेल तर एंजिन उकलल्यावांचून गति नाहीं.

येथें आणखी एक गुंतागुंत होती. स्कॉटच्या गाडींत तेल पेट्रोलांत मिसळलेलें नसे. तें वेगळें पुरविलें जाई, आणि पुढच्या गाड्यांत तर त्यासाठीं पंप असून त्याचे थेंब कांचेंतून पडतांना दिसत. एका बाजूला थेंब जास्त पडले तर त्या बाजूचा प्लग काळा होई, आणि मालक समजे कीं तेथें पेट्रोल जास्त जात आहे. पण दोन काळेपणांत फरक आहे. पेट्रोल जास्त झाल्याची काजळी कोरडी असते, बोटाला काळी भुकटी लागते. तेल जास्त झाल्याचा काळेपणा ओला व चकचकीत असतो. वैद्य नाडी पाहण्याआधीं रोग्याची जीभ पाहतो, त्याप्रमाणें टू-स्ट्रोकचा जाणता प्लग आधीं पाहतो. प्लगचें चिनीमातीचें नाक खरपूस भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखें तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. तें राखेसारखें पांढरें पडलें असेल, आणि टोंकावर बारीक फोड आले असतील, तर मिश्रण विरळ आहे आणि धोका जवळ आहे. मात्र ही जीभहि खोटें बोलूं शकते. पूर्ण वेगानें गाडी चालवून आणल्यावर जो मनुष्य दारांत दोन मिनिटें एंजिन मंद चालूं ठेवतो व मग प्लग काढतो, त्याला त्या दोन मिनिटांचेंच वृत्त कळतें. वेगांत असतांनाच ठिणगी बंद करून, क्लच दाबून, गाडी तशीच घरंगळत थांबवावयाची आणि तेथेंच रस्त्याच्या कडेला प्लग उघडावयाचा, ही खरी पद्धति.

प्लगच्या जोडीला कान. मिश्रण फार दाट झालें कीं टू-स्ट्रोक एंजिन प्रत्येक फेऱ्याला पेटण्याचें सोडून एकाआड एक फेऱ्याला पेटूं लागतें. त्याचा सलग गुणगुणाट तुटून त्या जागीं अडखळता, जाड आवाज येतो. जणूं तें चार धावांच्या एंजिनाची नक्कल करतें. हा आवाज ऐकून नवशिके घाबरतात, पण तो धोक्याचा नव्हे. धोक्याचा आवाज उलट गोड असतो. मिश्रण विरळ होत जातें तसें एंजिन हलकें, चपळ, तीक्ष्ण चालूं लागतें. मालक म्हणतो, आज गाडी काय सुंदर धांवते आहे! आणि तशी ती धांवत असतांनाच दट्ट्या तापून फुगतो, सिलिंडरला घट्ट धरतो आणि मागलें चाक एकाएकीं जागच्या जागीं अडतें. म्हणूनच जुने स्वार डाव्या हाताचीं दोन बोटें सदैव क्लचच्या दांड्यावर ठेवून बसत. कित्येकांचीं हाडें त्या दोन बोटांनीं वांचविलीं आहेत.

स्कॉटची गाडी महाग होती. टू-स्ट्रोक खऱ्या अर्थानें गरिबाच्या दारीं नेली ती वॉल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलिअर्स कंपनीनें. तिचें २६९ सी.सी. चें पहिलें टू-स्ट्रोक एंजिन १९१३ सालचें. इंग्लंडांतील लहानसहान कारखानदार तें विकत घेत, आपल्या सांगाड्यांत बसवीत आणि टांकीवर आपलें नांव रंगवीत. तेलाचा पंपहि नको म्हणून पुढें तेल पेट्रोलांतच मिसळण्याची रीत रूढ झाली. सोळा भाग पेट्रोल व एक भाग तेल हें प्रमाण पुष्कळ दिवस चाललें. काटकसरीची ही आणखी एक पायरी होती, आणि तिचा बोजाहि पुन्हां मिश्रणावरच पडला. आतां पेट्रोल कमी जाणें म्हणजे तेलहि कमी जाणें झालें. विरळ मिश्रण एकीकडे दट्ट्याला तापवी आणि दुसरीकडे त्याचें वंगणहि तोडी.

याच रीतींतून टू-स्ट्रोकवाल्यांचा सर्वांत टिकाऊ गैरसमज जन्मला. एंजिन तापतें असें दिसलें कीं मालक दयाबुद्धीनें टांकींत तेल जास्त ओततो. परंतु जेटच्या छिद्रांतून ठराविक वेळांत ठराविकच द्रव जातो. त्यांत तेल वाढलें म्हणजे तितकें पेट्रोल घटलें; शिवाय दाट झालेला द्रव छिद्रांतून सावकाश वाहतो. परिणाम असा कीं हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडून मिश्रण आणखी विरळ होतें. सायलेन्सरमधून धूर मात्र भरपूर निघतो, त्यामुळें सर्वांना वाटतें कीं मिश्रण दाट आहे. औषधानें रोग वाढावा आणि रोग्याच्या गालावर लाली दिसावी, तसला हा प्रकार. दुसरी गोष्ट पेट्रोल उडून जाण्याची. गाडी आठवडाभर उभी राहिली कीं कार्ब्युरेटरच्या वाटींतलें पेट्रोल उडून जातें व तेल तळाशीं उरतें. मग सकाळच्या पहिल्या किकेला एंजिनाच्या तोंडीं नुसतें तेल येतें. म्हणून घरीं पोंचण्याआधीं तोटी बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत एंजिन चालूं देणें ही शहाण्या मालकांची संवय होती.

व्हिलिअर्सच्या आरंभींच्या एंजिनांत दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा असे. ताजें मिश्रण सरळ समोरच्या झरोक्यांतून निसटून जाऊं नये म्हणून त्याला वर वळविणारा तो बांध होता. पण त्या उंचवट्यानें दट्ट्या जड होई व एका अंगानें जास्त तापे. जर्मनींतील आडॉल्फ श्न्युर्ले यानें हा बांध नाहींसा केला. त्यानें मिश्रणाचे दोन झोत अशा कोनांत सोडले कीं ते मागच्या भिंतीवर एकमेकांस मिळून वर चढावे आणि वळसा घेऊन खालीं यावे. सॅक्सनींतील त्शोपाउ या गांवच्या डी. के. डब्ल्यू. कारखान्यानें ही पद्धति उचलली, आणि १९३९ सालीं आर. टी. १२५ ही लहानशी गाडी काढली. महायुद्धानंतर तिचे आराखडे जेत्यांच्या हातीं गेले. इंग्लंडांत १९४८ सालीं निघालेली बी. एस. ए. बँटम, अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसनची १२५ सी.सी. ची गाडी, रशियांतील मॉस्क्वा, आणि १९५५ सालीं जपानांतील यामाहाची पहिली मोटारसायकल, या सर्व त्या एकाच आईच्या लेकी. त्याच त्शोपाउ गांवीं पुढें वाल्टर काडेन यानें सायलेन्सरचा आकार असा साधला कीं धुराच्या नळींतील दाबाची लाट परत फिरून निसटूं पाहणारें मिश्रण पुन्हां सिलिंडरमध्यें ढकलील. १९६१ सालीं त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पूर्व जर्मनीची साथ सोडून पळाला. १९६२ सालीं त्यानें सुझुकीवर ५० सी.सी. चें जगज्जेतेपद मिळविलें. रोगनिदानाच्या दृष्टीनें त्या कथेचा अर्थ एवढाच कीं, तेव्हांपासून सायलेन्सरहि मिश्रणाच्या राज्यांत आला. त्यांत काजळी दाटली तर कार्ब्युरेटर निर्दोष असूनहि एंजिन गुदमरतें.

भारतांत ही विद्या घरोघरीं पोंचली ती मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यामुळें. तेथें १९६१ सालापासून झेकोस्लोव्हाकियाची जावा गाडी तयार होऊं लागली, १९७३ पासून ती येझदी नांवानें निघाली आणि १९९६ सालीं कारखाना बंद झाला. या गाडीनें मालकांना एक गंमतीचा चकवा दिला. तिला सायलेन्सर दोन. एकांतून धूर जास्त येतो व दुसऱ्यांतून कमी, असें पाहून पुष्कळांनीं एक सिलिंडर बिघडल्याचें जाहीर केलें आहे. वस्तुतः २५० सी.सी. च्या त्या गाडीला सिलिंडर एकच. त्याच्या धुराला वाटा मात्र दोन. धुराच्या त्या फरकांत मिश्रणाची विषमता शोधणें व्यर्थ होय. खरी विषमता पाहावयाची तर १९८३ सालीं निघालेल्या राजदूत ३५० या गाडीकडे वळावें. तिला दोन सिलिंडर व दोन कार्ब्युरेटर. दोहोंच्या तारा एकाच मुठीला बांधलेल्या. एक तार केसभर सैल झाली कीं एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओढला जातो.

जावाच्या पोटांत मात्र एक धडा होता. तिच्या क्रँकच्या दोन टोंकांना दोन सीलें. डाव्या बाजूचें सील तेलानें भरलेल्या साखळीच्या कप्प्याकडे तोंड करून असतें, उजव्या बाजूचें डायनॅमोच्या कोरड्या कप्प्याकडे. उजवें सील कडक होऊन चिरलें तर पेटी हवा ओढते. मिश्रण विरळ होतें, मूठ सोडली तरी एंजिन उंच सुरांत फिरत राहतें, प्लग पांढरा पडतो. डावें सील गेलें तर पेटी गिअरचें तेल ओढते. पांढऱ्या-निळ्या धुराचा पडदा मागें पसरतो, प्लग ओला होतो, आणि गिअरपेटींतलें तेल कोठें सांडलेलें नसतांना आठवड्याआठवड्यानें कमी होत जातें. एकाच जातीचे भाग, एकाच एंजिनांत, पण लक्षणें अगदीं उलट. दोन्ही सीलें थोडथोडीं गेलीं असतील तर काय गोंधळ होत असेल, याची कल्पना करावी. पांढरेपणा व ओलेपणा एकमेकांना झांकतात आणि प्लग तपकिरी, निरोगी दिसतो. अशा वेळीं गिअरपेटींतील तेलाची पट्टी ही प्लगपेक्षां अधिक विश्वासू साक्षीदार ठरते.

स्थळाचाहि विचार करावा लागतो. पुण्यांत जुळवून घेतलेली गाडी महाबळेश्वरीं नेली कीं ती जाड आवाजांत चालूं लागते, कारण साडेचार हजार फुटांवर हवा विरळ आणि पेट्रोल तेवढेंच. तेथें स्क्रू फिरवून जी गाडी सुधारली, ती घाट उतरतांना विरळ मिश्रणावर तापते. मिश्रण दाट करण्याची एक घरगुती युक्ति तर एका अख्ख्या पिढीनें रोज केली. आकुर्डीच्या बजाज स्कूटरला थंडीच्या सकाळीं एका कुशीवर कलती करून मग किक मारीत. त्या कलण्यानें कार्ब्युरेटरच्या वाटींतलें पेट्रोल थोडें अधिक आंत उतरे. कलती करूनच गाडी सुरू होत असेल तर मिश्रण मुळांत विरळ आहे, हें निदान त्यांतच दडलेलें होतें. पण शाळेची घंटा होण्यापूर्वीं मुलांना पोंचवावयाचें असलेल्या गृहस्थाला निदान नको होतें, स्कूटर सुरू व्हावी एवढेंच हवें होतें.

आजच्या जुन्या गाड्यांपुढें एक नवें संकट आहे. भारतांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ सालीं गांठला गेला. शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते; या मिश्र पेट्रोलाला सुमारें १३.५ पट पुरते, कारण इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असतो. म्हणजे जेट तेंच ठेवलें तर जुनी गाडी नकळत विरळ चालते. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या रबराचीं सीलें व नळ्या त्यानें फुगतात किंवा कडक होतात. चाळीस वर्षें उभी राहिलेली गाडी नव्या पेट्रोलावर दुसऱ्या दिवशीं कां रुसते, याचें कारण पुष्कळदां या दोन गोष्टींत मिळून असतें.

तेव्हां तपासाचा क्रम बाहेरून आंत असावा. आधीं टांकीच्या झांकणाचें बारीक छिद्र. तें बुजलें असेल तर गाडी तीन-चार मैलांनीं मरते आणि झांकण उघडतांच हवा फुसकन् आंत शिरते. मग तोटी व तिची जाळी, हवेची गाळणी, प्लग आणि ठिणगी. मग चालत्या एंजिनाचा चोक किंचित् ओढून पाहावा; त्यानें चाल सुधारली तर मिश्रण विरळ आहे, बिघडली तर विरळ नाहीं. कोणत्या मुठीला दोष दिसतो हेंहि ध्यानांत ठेवावें. पाव मुठीच्या आंतला दोष मंद गतीच्या जेटचा किंवा सरकत्या झडपेच्या कापाचा, मधला सुईचा, पाऊण मुठीच्या पुढचा मुख्य जेटचा. सर्व मुठींना सारखाच असेल, आणि गाडी तापल्यावर वाढत असेल, तर तळच्या पेटीचा संशय घ्यावा. पेटीची परीक्षा करण्यासाठीं सिलिंडरचीं तोंडें बंद करून सायकलच्या हातपंपानें थोडी हवा भरतात व दाब टिकतो कीं नाहीं तें पाहतात; साबणाच्या पाण्याचा बुडबुडा गळतीची जागा दाखवितो.

हें सर्व ठाऊक असूनहि मालकाचा हात स्क्रूकडेच जातो, याचें कारण उघड आहे. स्क्रू बाहेर असतो, फिरवावयास पैसा लागत नाहीं, आणि फिरविला कीं कांहीं तरी बदललेलें ऐकूं येतें. सीलें बदलावयाचीं तर एंजिन सांगाड्यांतून उतरवावें लागतें, क्रँक उघडा करावा लागतो, दोन दिवस मोडतात आणि वऱ्हांड्यांत सुटे भाग पसरतात. परंतु तीं बदलून, सांधे घट्ट करून, नव्या गॅस्केटवर एंजिन पुन्हां बसविलें, आणि इतके दिवस छळलेला तो स्क्रू कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेल्या जागीं परत आणून ठेवला, कीं दुसऱ्याच किकेला तें सुरू होतें आणि मूठ सोडतांच त्याचा सूर हळूहळू खालीं उतरतो.